यादीत नसलेले घर

शनिवार, ८ मार्च १९५८. दुपारी तीन. स्थळ: डॉक्टरीणबाईंची पडवी.

हजर: डॉक्टरीणबाई (अध्यक्ष), गिरणीवाल्या काकू, पोस्टमास्तरांची सून, मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई आणि मी (चिटणीस). याशिवाय पायरीवर गव्हाणची मावशी, रिकामी टोपली शेजारी ठेवून.

माझ्या त्या वेळच्या वहीत मावशीची नोंद नाही. ती महिला मंडळाची सभासद नव्हती. दर शनिवारी गव्हाणहून वालाच्या शेंगा आणि जाडे मीठ घेऊन यायची, पनवेलात घरोघर विकायची आणि परतण्याआधी आमचे वाचन ऐकायला पायरीवर टेकायची. तिला मी हजेरीत आज घेतले आहे.

त्या दिवशी विषय एकच होता. आमच्या कथेतला कारकून नेमका कुठल्या पानावर वाईट झाला?

आधी मंडळाची व्यवस्था सांगते. आमचे एक हस्तलिखित मासिक होते. महिन्याला एकच प्रत. बायका आपापला मजकूर मिळेल त्या कागदावर लिहून माझ्याकडे देत. मी तो आखलेल्या पानांवर शाईने उतरवून, पाने दोऱ्याने शिवून अंक तयार करी. मग अंक चौदा घरांतून फिरे, घरटी दोन दिवस. कोणाकडून कोणाकडे जायचा ती पाळी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असे. घेताना सही, देताना सही. शेवटची दोन पाने कोरी असत. तिथे वाचणारीने अभिप्राय लिहायचा. अठ्ठाविसाव्या दिवशी अंक माझ्याकडे परत. चार वर्षांत कधी एकोणतिसावा दिवस लागला नव्हता. एका घरात एकदा पानावर आमटी सांडली, तेव्हा त्या घराला मी पुढचे दोन महिने शेवटचा क्रमांक दिला होता. कोणी काही बोलले नाही. मला ते बरोबरच वाटले होते.

कथा मास्तरीणबाईंची होती. त्या तिशीच्या आतल्या, शाळेजवळ एका खोलीत एकट्या राहायच्या. तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायच्या. अक्षर असे, की माझ्याखेरीज कोणाला लागत नसे. गणपती झाल्यावर त्यांची कथा क्रमशः सुरू झाली. मार्चच्या सुरुवातीला सहावा भाग सगळीकडे फिरून आला होता. सातवा शेवटचा.

कथेतले गाव खाडीकाठचे. भाताच्या खाचरांना खाऱ्या पाण्यापासून राखणारा मातीचा बांध उधाणाला फुटतो. मिठागरावरचा एक तरुण कारकून पुढे होतो आणि चाळीस घरांची यादी करतो: घरटी एक माणूस, पाळीपाळीने बांधावर. भांडणे थांबतात, बांध उभा राहतो. हा पहिला भाग मी पडवीत मोठ्याने वाचला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. अभिप्रायाच्या पानावर काकूंनी लिहिले होते, 'असा जावई मिळावा.'

दुसऱ्या भागात तो एका विधवेच्या घराला पाळीतून सूट देतो. सगळ्यांना आवडले. तिसऱ्यात मित्राला सूट देतो, कारण मित्राची बायको बाळंतीण. तेही पटले. चौथ्यात एक म्हातारा त्याला चारचौघांत विचारतो, की मित्राची पाळी कोणाच्या डोक्यावर गेली? पुढच्या वेळी म्हाताऱ्याची पाळी बरोबर उधाणाच्या दिवशी येते. पाचव्यात म्हाताऱ्याचा मुलगा तापाने पडलेला, म्हणून म्हातारा दिवस बदलून मागतो. कारकून पेन्सिल जिभेला लावतो, यादीवरून फिरवतो आणि म्हणतो, "यादीत आहे ना? मग आहे." सहाव्यात म्हातारा बांधावरून घसरतो, पाय मोडतो, आणि कारकून त्याच्या नावापुढे दोन खुणा करतो. एक आल्याची, एक काम केल्याची.

"पान सांगा पान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोघम बोलू नका."

"चौथा भाग," काकू म्हणाल्या. "उधाण बघून पाळी लावली मेल्याने."

"मुद्दाम कुठे? फिरत फिरत आली पाळी," पोस्टमास्तरांची सून म्हणाली. "मला तर तो अजून आवडतो."

"तुला काय, उंच आणि शेलाटा लिहिला की कोणीही आवडतो."

"आणि जावई कोण करून घेत होतं, काकू?"

"मोडली ती सोयरीक! कळवा त्याला."

हसणे थांबल्यावर डॉक्टरीणबाईंनी आपले मत तिसऱ्या भागाला दिले. मित्राला सूट दिली तिथेच घसरला, म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिले.

"तो वाईट झालेलाच नाही," मी म्हणाले. "एकीला दिवस बदलून दिला की चौदाही जणी मागतील. मग यादी ठेवायची कशाला?"

"कथेत घरं चाळीस आहेत," सून म्हणाली आणि काकूंकडे पाहून तोंडाला पदर लावला. मला त्या वेळी त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

तेवढ्यात पायरीवरून मावशी म्हणाली, "मी बोलू का गो बाय?"

"बोल की."

"त्यो पयल्या दिवसापासूनच तसा हाय."

"पहिल्या भागात? अगं, त्यात तर त्याने बांध बांधून दिला!"

"बांध गावानं घातला. तुमी चाळीस घरां वाचलीव, मी बोटावर धरीत व्हते. त्याचा सोताचा घर कुठं हाय त्यात? आमच्यात असा कोनी केला, तर बांधावरच इचारतील त्याला, तुझा मानूस कुठं हाय रं?"

मी जुना अंक उघडून पहिला भाग काढला आणि घरे मोजली. एकोणचाळीस, चाळीस. कारकुनाचे घर नव्हते. मी ते उतरवले होते, मोठ्याने वाचले होते, चौदा घरांनी वाचले होते.

"मावशीनं पकडलं बाई!" काकू म्हणाल्या.

मास्तरीणबाई हसल्या नाहीत. त्या मावशीकडेच पाहत होत्या. "मावशी, अजून एक भाग आहे," त्या म्हणाल्या. "तेवढा ऐका."

मग उठताना त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितले, की वार्षिक परीक्षा आटोपल्या की त्या तीस एप्रिलला खानदेशात भावाकडे जाणार, तिकडच्याच शाळेत लागणार, आणि पनवेलला परत येणे आता नाही. "जायच्या आधी शेवटचा भाग सगळ्या घरांतून फिरून यायला हवा," त्या मला म्हणाल्या. "मागच्या पानांवर काय लिहिलंय ते मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. तेवढं कराल ना?"

"अगदी नक्की," मी म्हणाले. वहीत लिहूनही घेतले.

त्यांनी गुरुवारी, तेरा मार्चला, कागद आणून दिले. मी लगेच हिशेब मांडला. उतरवायला चार दिवस, फिरायला अठ्ठावीस. चौदा एप्रिलला अंक परत. सोळा दिवस हाताशी राहत होते.

दुपारी भांडी आवरून मी वाचायला बसले. सातव्या भागात म्हातारा घरी पडून आहे. त्याच्या जागी त्याची सून बांधावर येते आणि माती टाकता टाकता कारकुनाला सहज विचारते, 'तुमची पाळी कधी?' तो यादी काढतो. पेन्सिल जिभेला लावून वरून खाली जातो, खालून वर येतो. आपले घर नाही. ते मुद्दाम वगळलेले नव्हते. यादी करणारा माणूस यादीच्या बाहेर बसून यादी करतो, एवढेच झाले होते. आता लिहावे, तर कुठे? शेवटी लिहिले तर पाळी पावसाळ्यानंतर येणार. पहिले लिहिले तर लोक विचारणार, आजच का? तो उभा राहतो, कागदाची घडी करतो आणि खिशात ठेवतो. लोक माती टाकत राहतात. कथा संपली.

पेन्सिल जिभेला लावायची सवय माझी. दोन खुणा माझ्या. 'यादीत आहे ना? मग आहे' हे तर मी बाजारातसुद्धा म्हणत असे. सहा भाग मी स्वतःच्या हाताने उतरवले आणि मला ते दिसले नव्हते. चौदा घरांना दिसले होते. मी उठून त्या महिन्याचा पाळीचा कागद काढला. चौदा घरे. माझे नव्हते. अंक माझ्याकडेच तयार व्हायचा आणि माझ्याकडेच परत यायचा, त्यामुळे माझ्या दारात तो कधी दोन दिवसांच्या बोलीवर आला नव्हता. मी कधी कोणाला सही दिली नव्हती. आमच्या घरी अंकावर काय सांडले, हे कोणी विचारले नव्हते.

पुढे जे झाले ते तारखांनी सांगते, कारण माझ्याजवळ तारखाच आहेत.

चौदा मार्च. पाने मोजली. उतरवल्यावर अकरा होणार होती. एका लेखनाला आठ पानांपेक्षा जास्त जागा नाही, असा आमचा नियम होता. चौथा भागही नऊ पाने झाला होता, तो मी घेतला होता. पण नियम होता.

सतरा मार्च. अंक वेळेवर काढला. कथा त्यात नव्हती. तिच्या जागी काकूंची लोणच्याची कृती आणि पोस्टमास्तरांच्या सुनेची कविता.

एकवीस मार्च. पाडवा. घरात पाहुणे. ही सबब खरी होती.

बावीस मार्च. शनिवारची बैठक. परीक्षेच्या कामामुळे मास्तरीणबाई आल्या नव्हत्या. काकूंनी विचारले, "शेवट कुठे आहे गं?"

"अजून तयार नाही," मी म्हणाले. तेही खरे होते. उतरवलेला नव्हता.

"सुचत नसेल तिला," काकू म्हणाल्या. "सुरुवात काय, कोणीही करतं. इतकं गुंतवून ठेवलंन्, आता सुटेना."

"मला वाटलंच होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कागद माझ्या पिशवीत होते. पिशवी मांडीवर होती. मी वहीत लिहिले: 'कथेचा अंतिम भाग, प्रलंबित.' पायरीवरून मावशीने विचारले, "त्या पोराचा काय झाला गो?" मी म्हणाले, "लिहायचं राहिलंय."

दोन एप्रिलला मास्तरीणबाई घरी आल्या. मी तांदूळ निवडत होते. त्या समोर बसल्या आणि सुपातले तांदूळ पुढे ओढून त्याही निवडू लागल्या.

"आठ पानांचं कळलं मला तुमच्या चिठ्ठीतून," त्या म्हणाल्या. "मग नुसती कथाच वेगळी शिवून फिरवूया का? घरटी एक दिवस. चौदा दिवसांत होईल."

"नियमात दोन दिवस आहेत."

"बरं. मग शनिवारी वाचून तरी दाखवू."

"आधी अंक निघतो, मग वाचन. क्रम तसा आहे. एकीसाठी मोडला तर..."

त्यांच्या हातात एक खडा होता, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"राग आला का तुम्हाला?"

"कशाचा?"

"तो तुम्ही नव्हता हो. सुरुवातीला तर नव्हताच. मी फक्त तुमची पेन्सिल घेतली. इतकं नीट काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नव्हतं, म्हणून घेतली. मला तो चांगलाच ठेवायचा होता."

"मग वाईट का केलात?"

"मी नाही केलं. दर भागात त्याच्यासमोर दोन वाटा ठेवल्या. एक जरा अवघड, एक सोपी. त्याने दर वेळी सोपी घेतली, आणि दर वेळी त्याच्याकडे कारण होतं. माझंही मन त्याच्या बाजूने होतं. चौथ्या भागात तर म्हातारा चुकतोय असंच मला वाटत होतं." त्या जरा हसल्या. "कळेपर्यंत सहा भाग होऊन गेले होते."

मी काय म्हणायला हवे होते ते मला तेव्हाही ठाऊक होते. आज रात्री बसते, चार दिवसांत देते. एवढेच. टाक होता, दौत होती, पाने आखलेली होती. मी म्हणाले, "पुढच्या बैठकीपुढे ठेवते."

त्यांनी सूप माझ्याकडे सरकवले. "काकू मला बाजारात भेटल्या होत्या," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या, शेवट जमला नाही तर वाईट वाटून घेऊ नको, सगळ्यांनाच नाही जमत. मी काही बोलले नाही. म्हटलं, तुम्ही सांगाल."

पुढच्या बैठकीला हनुमान जयंतीचा उत्सव आणि तिच्या पुढच्या बैठकीला डॉक्टरीणबाईंच्या घरी आजारपण. मी वीस दिवस घर धुऊन काढल्यासारखे आवरले. ट्रंका उन्हात टाकल्या, पापड लाटले, मसाल्याच्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या डकवल्या. एका जागी बसवत नव्हते, कारण बसले की कपाट समोर येई, आणि कपाटात कागद होते.

तीस एप्रिलला कल्याणच्या एस.टी.वर मी त्यांना पोचवायला गेले. वाटेतल्या जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, गाडीत लागलेच तर आल्याचा तुकडा, सगळे नीट बांधून दिले. कागदही पिशवीत घातले होते. ते परत घ्या, असे म्हणायला तोंड उघडले, तर त्याच म्हणाल्या, "ते तुमच्याकडेच राहू द्या. माझं अक्षर तुम्हालाच लागतं. उतरवाल तेव्हा उतरवा."

गाडी हलली. पनवेलात त्या 'शेवट न सुचलेली मास्तरीण' म्हणून मागे राहिल्या.

त्यांनी दोन वर्षांनी पोस्टमास्तरांच्या सुनेला एक पत्र पाठवले, ख्यालीखुशालीचे. त्यात कथेचा उल्लेख नव्हता. सुनेने मला ते वाचून दाखवले आणि म्हणाली, "बघा, अजूनही शेवटाचं नाव नाही." तेव्हा तरी सांगावे, असे मनात आले. पण आता सांगायचे म्हणजे दोन वर्षे का नाही सांगितले तेही सांगावे लागणार होते. दिवस जातील तसे ते काम लहान होईल असा माझा अंदाज होता, तो चुकला.

त्यानंतर मी पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या. आता वाचते ती पेन्सिल हातात घेऊन. चांगला माणूस पहिल्यांदा सोपी वाट धरतो तिथे समासात टिंब करते. बहुतेक वेळा ते टिंब वाईट कृत्याशी पडतच नाही. त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या नीटनेटक्या, सर्वांच्या सोयीच्या, कौतुकाच्या जागी पडते. वाचताना आपण त्याच्या बाजूने असतो. त्याची कारणे आपल्याला आधीपासून माहीत असतात, त्यामुळे ती आपलीच वाटतात. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तीच गोष्ट ऐकली असती, तर त्याला पहिल्याच पानावर ओळखले असते. मावशीने तेच केले. ती बांधावर माती टाकणाऱ्यांच्या बाजूने ऐकत होती.

माझी अठ्ठावन्न सालची वही मी अशीच पेन्सिल घेऊन वाचली आहे, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. आठ पानांचा नियम खरा. पाडवा खरा. आजारपण खरे. प्रत्येक नोंद पुराव्यानिशी दाखवता येते. टिंब कुठे करायचे ते ठरत नाही. एकदा बावीस मार्चला केले, मग खोडून चौदा मार्चला केले. मग आमटी सांडलेल्या घराची आठवण झाली आणि चार वर्षांच्या वह्या काढून बसले.

आता १९६७ साल आहे. मासिक बंद होऊन सात वर्षे झाली. चौदा घरांपैकी नऊ पनवेलात आहेत. यादी मी गेल्या महिन्यात ताजी केली. काकू गेल्या. डॉक्टरीणबाई मुलाकडे मुंबईला असतात. माझ्या करायच्या कामांच्या यादीत दर पाडव्याला जुनी कामे नव्या वहीत नेते, त्यात हे एक काम नऊ वर्षे पहिल्या क्रमांकावर आहे: अंतिम भाग उतरवणे, फिरवणे, कोणाचा आहे ते सांगणे.

आज शनिवार. सकाळी मावशी येऊन गेली. आता तिला टोपली डोक्यावर झेपत नाही, कडेवर घेते. शेंगा मोजून झाल्यावर उठता उठता तिने विचारले, दर शिमग्याच्या सुमारास विचारते तसे, "बाय, त्या पोराचा काय झाला गो? त्याला कोनी इचारला का नाय?"

"विचारलं," मी म्हणाले. नऊ वर्षांत एवढे पहिल्यांदाच.

"मंग?"

मी म्हणाले, "बस जरा, कागद आणते." आत जाऊन कपाट उघडले. पेन्सिलीचे अक्षर पुसट झाले आहे. आता ते मलाही पहिल्या झटक्यात लागले नाही. दिव्याजवळ नेऊन दोन ओळी लावेपर्यंत बाहेरून हाक आली, "बाय, माझी गाडी जाईल गो, ऱ्हाऊ दे!" बाहेर आले तर ती कोपऱ्यावर पोचली होती. तिला थांबवता आले असते. मी हाक मारली नाही.

म्हणून दुपारी अकरा पाने आखली. नवी शाई आणली. पाळीचा कागद केला: जुनी नऊ घरे, दहावी मावशी, तिला वाचून दाखवायचे. अकरावे आमचे घर. ते शेवटी लिहिले होते, खोडून पहिले लिहिले, मग तेही खोडले. कागद टेबलावर आहे, आमच्या घराचा क्रमांक कोरा आहे, आणि अकरा पानांपैकी एकही अजून उतरवलेले नाही.